शेतमालवाहू पिकअप : कमी खर्चातील सुधारणांची निवड

‘गाडीत दम राहिला नाही’ ही तक्रार पिकअप बाळगणाऱ्या शेतकऱ्यांकडून विस्तार कार्यकर्त्यांच्या कानी वारंवार येते. घाटात दुसऱ्या गिअरवर यावे लागते, डिझेल पूर्वीपेक्षा जास्त लागते, भरलेली गाडी उतारावर नीट आवरत नाही. अशा वेळी गॅरेज, सुट्या भागांचे दुकान आणि मोबाइलवरील चित्रफिती यांतून उपायांची लांबलचक यादी पुढे येते. मागे दोन पाटे वाढवा, मोठे टायर घाला, ‘चिप’ बसवा, सायलेन्सर मोकळा करा, जास्त हवा ओढणारा फिल्टर लावा. यांपैकी कशावर पैसे खर्च करावेत आणि कशावर करू नयेत, हे ठरवण्याची एक रीत कीड व्यवस्थापनाच्या अभ्यासकांना चांगली परिचयाची आहे.

शेतात कीड दिसली म्हणून लगेच फवारणी करू नये, ती आर्थिक नुकसानीच्या पातळीपर्यंत पोहोचली आहे का हे पाहावे, अशी शिफारस असते. गुलाबी बोंडअळीसाठी प्रति कामगंध सापळा सलग तीन रात्री आठ पतंग हा निकष सर्वांना ठाऊक आहे. त्यामागील विचार साधा आहे. उपायाचा खर्च टाळल्या जाणाऱ्या नुकसानीपेक्षा कमी असला तरच उपाय करावा. आणि उपाय करण्यापूर्वी कीड नेमकी कोणती हे ओळखावे. पिकअपलाही हाच विचार जसाच्या तसा लागू पडतो.

आधी हिशेब

महिन्याला २,००० किलोमीटर धावणारी आणि लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी घेऊ. तिला सुमारे १६७ लिटर डिझेल लागते. दर ₹९० धरल्यास महिन्याचा खर्च ₹१५,००० होतो. म्हणजे डिझेलमधील एक टक्का बचत ही महिन्याला ₹१५० इतकी असते. एखादा भाग ₹१२,००० चा असेल आणि त्याने खरोखर तीन टक्के बचत झाली, तरी पैसे वसूल व्हायला सव्वादोन वर्षे जातात. विक्रेता तीन टक्क्यांचा आकडा क्वचितच सांगतो. तो वीस टक्के सांगतो. त्यामुळे हा हिशेब ग्राहकाने स्वतःच मांडणे आवश्यक ठरते.

आता दुसरी बाजू पाहावी. नारायणगावहून वाशीला ६० क्रेट टोमॅटो निघाला आणि धक्क्यांनी व दाबाने तीन क्रेट माल नाकारला गेला, असे समजू. क्रेटचा दर ₹३०० धरला तर एका फेरीत ₹९०० गेले. जाऊन-येऊन ३०० किलोमीटरच्या फेरीचे डिझेल, वरच्या हिशेबाने, ₹२,२५० चे होते. त्याच्या चाळीस टक्के रक्कम मालाच्या नासाडीत गेली, आणि तिची नोंद कोणत्याही मायलेजच्या आकड्यात होत नाही. शेतमालवाहू गाडीची कार्यक्षमता मोजताना किलोमीटर प्रतिलिटर याच्याइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे बाजारात चांगल्या स्थितीत उतरलेले क्विंटल. अमेरिकेत पिकअप हे पुष्कळदा हौसेचे वाहन असते आणि तेथील सुधारणांची चर्चा वेग व आवाजाभोवती फिरते. भारतात ते मागच्या पाट्यांवर क्रेट वाहणारे कामाचे वाहन आहे. त्या चर्चेतील यादी येथे तशीच उचलली की पैसे चुकीच्या जागी जातात.

ताकद खरोखर कमी आहे का?

गाडी व माल मिळून तीन टन वजन, रस्त्याचा चढ वीस मीटरला एक मीटर आणि वेग ताशी ३० किलोमीटर, अशा स्थितीत चाकांपाशी लागणारी शक्ती साधारण २१ अश्वशक्ती येते. सध्या प्रचलित असलेल्या अडीच लिटर क्षमतेच्या डिझेल पिकअपचे इंजिन ७५ अश्वशक्तीच्या आसपासचे असते. २००५ साली बाजारात आलेल्या पहिल्या ‘टाटा एस’चे इंजिन तर दोन सिलिंडरचे आणि अवघ्या १६ अश्वशक्तीचे होते, आणि मर्यादेत भरलेल्या त्या गाडीने असेच चढ पार केले. तात्पर्य, साध्या घाटात मर्यादेत भरलेली पिकअप धापा टाकत असेल तर इंजिन लहान असल्याचा निष्कर्ष काढण्याआधी इंजिनाची मूळ शक्ती कोठे गळते आहे हे शोधावे.

गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत. एअर फिल्टर चोंदलेला असतो. डिझेल फिल्टरमध्ये पाणी व गाळ साचलेला असतो. त्याखालील पाणी सोडण्याची खुंटी वर्षानुवर्षे कोणी उघडलेली नसते. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीची क्लिप सैल होते किंवा नळीला बारीक चीर पडते. मग जोर दिल्यावर फुसफुस आवाज, काळा धूर आणि ताकद कमी ही तिन्ही लक्षणे एकदम दिसतात. क्लच घसरत असतो. एखाद्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही. ब्रेकची ही शेवटची चूक ओळखण्यास उपकरण लागत नाही. काही किलोमीटर सपाट रस्त्यावर ब्रेकचा फारसा वापर न करता गाडी चालवून थांबवावी आणि चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन पाहावा. स्पर्श करू नये, केवळ उष्णता जोखावी. एकच चाक स्पष्टपणे अधिक तापलेले असेल तर तेथे ब्रेक धरतो आहे किंवा बेअरिंग खराब आहे.

ही सर्व दुरुस्तीची कामे आहेत, त्यांना सुधारणा म्हणता येणार नाही, असा आक्षेप येईल. तो बरोबरही आहे. परंतु पाच-सहा वर्षे वापरलेल्या गाडीत यांतील दोन गोष्टी जागेवर आल्या तरी जो फरक पडतो, तो बाजारातील कोणत्याही जोडणीने पडत नाही.

टायर आणि हवा

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे चांगल्या प्रतीचा हवा मोजण्याचा गेज. तो स्वतःचा असावा आणि गाडीतच ठेवावा. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार चारही टायरमधील सरासरी हवा एक पौंडाने (चौरस इंचामागे) कमी झाली की मायलेज सुमारे ०.२ टक्क्यांनी घटते. हा आकडा प्रामुख्याने मोटारींसाठीचा आहे. भारवाहू गाडीसाठी तो अंदाज म्हणून घ्यावा. दहा पौंड हवा कमी असेल तर दोन टक्के, म्हणजे वरील हिशेबात महिन्याला ₹३००. पाचशे रुपयांचा गेज दोन महिन्यांत वसूल होतो. याहून मोठा लाभ टायरच्या आयुष्याचा आहे, कारण कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते, तापते आणि भर उन्हात भरलेल्या गाडीखाली फुटते.

हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. पुढच्या व मागच्या टायरचा, तसेच रिकाम्या व भरलेल्या गाडीचा आकडा निरनिराळा असतो. तो दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा वाहनपुस्तिकेत दिलेला असतो. पंपावरच्या मुलाला ‘सगळीकडे चाळीस मार’ असे सांगणे बंद करावे. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजण्याइतका फायदा होत नाही.

नवे टायर घेताना मूळ मापाचेच घ्यावेत. मात्र भारक्षमता मूळ टायरइतकी किंवा अधिक असावी. येथे थोडे जास्त पैसे देणे योग्य आहे. टायरच्या बाजूवरील चार अंकी निर्मितीसंकेत अवश्य वाचावा. २३२४ म्हणजे २०२४ सालातील तेविसावा आठवडा. दिसायला मोठे, रुबाबदार टायर घालण्याचा मोह टाळावा. व्यास पाच टक्क्यांनी वाढला की प्रत्येक गिअरमध्ये चाकाचा ओढ तितक्याच प्रमाणात घटतो. ज्या घाटासाठी खर्च केला, तेथेच गाडी आणखी हळू होते. शिवाय वेगदर्शक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो.

पाटे वाढवण्याचा प्रश्न

मागच्या बाजूला एक-दोन पाटे वाढवणे हा ग्रामीण भागातील सर्वांत लोकप्रिय बदल आहे आणि त्याच्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण येथे पैशाबरोबर माणसांचे जीवही गुंतलेले आहेत.

पाटे वाढवल्यावर गाडी मागून बसत नाही. त्यामुळे तिची वाहण्याची क्षमता वाढली असा समज होतो. प्रत्यक्षात ॲक्सल, बेअरिंग, चासी, टायर आणि ब्रेक हे सर्व भाग पूर्वीचेच असतात. गाडी वाकत होती ही खरे तर सूचना होती. पाट्यांनी ती सूचना झाकली जाते. पावणेदोन टनांच्या गाडीवर सव्वा टनाऐवजी सव्वादोन टन माल चढवला तर एकूण वजन तीनवरून चार टनांवर जाते. त्याच वेगाला ब्रेकने जिरवायची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते, आणि ब्रेकचे लायनर मात्र तेवढेच असतात.

याहून कमी परिचित असलेला धोका मागच्या ब्रेकच्या नियंत्रणात आहे. अनेक पिकअपमध्ये चासी व मागचा ॲक्सल यांच्यामध्ये एक लहान दांडा आणि झडप असते; तिला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात. माल भरल्यावर चासी खाली येते, दांडा हलतो आणि झडप मागच्या ब्रेकला अधिक दाब देते. गाडी रिकामी असताना चासी वर असते, म्हणून मागे दाब कमी जातो आणि मागची चाके जाम होऊन घसरत नाहीत. पाटे वाढवले की माल भरूनही चासी पुरेशी खाली येत नाही. झडपेच्या लेखी गाडी रिकामीच असते. परिणामी ज्या वेळी मागच्या ब्रेकची सर्वाधिक गरज असते त्याच वेळी त्यांना कमी दाब मिळतो आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. माळशेज किंवा कसारा घाट उतरताना ‘ब्रेक लागेना’ अशी स्थिती का येते, याचे एक कारण येथे सापडते. काही ठिकाणी हा दांडा काढून टाकलेला किंवा तारेने बांधून ठेवलेला आढळतो. विस्तार कार्यकर्त्यांनी गटाच्या गाड्या पाहताना ही एक जागा वाकून अवश्य तपासावी.

मालाच्या दृष्टीनेही कडक पाटे तोट्याचे आहेत. अर्धी भरलेली गाडी त्यांवर उसळते आणि धक्के थेट क्रेटमध्ये जातात. टोमॅटो, द्राक्षे, केळी यांना हे मानवत नाही. त्याऐवजी मूळ पाट्यांची कमान बसली असेल तर ती मूळ मापाप्रमाणे करून घ्यावी, झिजलेले बुश व शॅकल बदलावेत, मधला बोल्ट तपासावा आणि तेल गळणारे शॉक ॲब्सॉर्बर जोडीने बदलावेत. शॉक ॲब्सॉर्बरवरील खर्च हा नाजूक शेतमाल वाहणाऱ्यासाठी या लेखातील सर्वांत फायद्याच्या खर्चांपैकी एक आहे. मालाची मांडणी तर फुकटच करता येते. धक्का सर्वाधिक बसतो तो मागच्या चाकांच्या पलीकडील टोकाला. तेथे कांदा-बटाट्यासारखा दणकट माल किंवा रिकामे क्रेट ठेवावेत, नाजूक माल केबिनकडे घ्यावा. क्रेट काठोकाठ भरू नयेत, नाहीतर वरच्या क्रेटचे वजन फळांवर येते.

ब्रेकसाठी ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलणे हा काही शे रुपयांचा उपाय आहे. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रतीचे नवे द्रव किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये द्रवाची वाफ झाली की पेडल पायाखाली मऊ पडते. उतार त्याच गिअरमध्ये उतरावा ज्यात तो चढला असता, ही जुन्या चालकांची शिकवण आजही पूर्णतः शास्त्रशुद्ध आहे.

हवा आत, उष्णता बाहेर

जास्त हवा ओढणारे, तेल लावलेल्या कापडाचे फिल्टर शेतरस्त्यावरील गाडीला लावू नयेत. जी जाळी हवा सहज सोडते ती बारीक धूळही अधिक सोडते, आणि धुळीतील वाळूचे कण सिलिंडर व रिंग घासून काढतात. मूळ कागदी फिल्टर धुळीच्या हंगामात लवकर बदलावा. कॉम्प्रेसरचा जोराचा झोत मारून तो साफ करणे घातक आहे. कागदाला न दिसणारी भोके पडतात. शंका असल्यास अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या आत बल्ब धरून पाहावा.

रेडिएटरची गोष्ट कीटकशास्त्राच्या अंगणातील आहे. वळवाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी वाळवीचे पंखधारी कीटक थव्याने बाहेर पडतात आणि हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळीकडे झेपावतात. त्या पंधरवड्यात रात्री धावलेल्या गाडीच्या रेडिएटर व इंटरकूलरच्या पात्यांत त्यांचे पंख, कवचे आणि त्यावर चिकटलेली धूळ यांचा थर बसतो. ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाची भर पडते. इंटरकूलर चोंदला की इंजिनात गरम, विरळ हवा जाते आणि ताकद कमी होते. उपाय म्हणून पुढे बारीक मच्छरदाणीची जाळी बांधली जाते. ती स्वतःच हवा अडवते. जाळी हवीच असेल तर मोठ्या छिद्रांची, सहज काढून झटकता येणारी असावी. इंजिन थंड असताना साध्या नळाच्या पाण्याने आतून बाहेर अशा दिशेने धुणे पुरेसे होते. धुलाई केंद्रावरील प्रखर फवाऱ्याने नाजूक पाती वाकतात.

दिव्यांबाबत थोडक्यात. हॅलोजन दिव्याला मिळणारा विद्युतदाब दहा टक्क्यांनी घटला तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. जुन्या गाडीत गंजलेल्या जोडण्यांमुळे असा ऱ्हास सहज होतो. जाड तार व रिले असलेला जोडसंच बसवून, मूळ क्षमतेचेच बल्ब ठेवून हा प्रकाश परत मिळवता येतो. हॅलोजनच्या घरात निळसर एलईडी बल्ब कोंबल्याने समोरच्याचे डोळे दिपतात. माल भरण्याच्या जागी, हौद्यावर दिवा लावायचा असल्यास तो पिवळसर असावा. निळसर प्रकाशाकडे कीटक अधिक झेपावतात आणि उघड्या मालावर बसतात.

चिप, सायलेन्सर आणि कायदा

इंजिनाच्या संगणकात बदल करून ताकद वाढवता येते, हे खरे आहे. पण वाढलेली ताकद क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्स यांच्यावर येते आणि हमी संपुष्टात येते. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहा डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो काढून टाकण्याचा सल्ला देणाऱ्या गॅरेजपासून दूर राहावे. फिल्टर वारंवार चोंदत असेल तर गाडी केवळ गावातल्या गावात हळू फिरते आहे का, हे पाहावे. वाहनपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर ठराविक वेळ चालवल्यास काजळी जळून जाते. डिझेलच्या नळीवर लावायची चुंबके आणि सॉकेटमध्ये खुपसायची लुकलुकणारी ‘इंधन बचत’ यंत्रे यांवर एक रुपयाही घालवू नये. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन बचतीचा दावा करणाऱ्या शंभरहून अधिक साधनांचे मूल्यमापन केले. मायलेजमध्ये लक्षणीय सुधारणा करणारे एकही आढळले नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाह्य बदलास प्रत्येकी ₹५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जादा भारासाठी ₹२०,००० आणि प्रत्येक जादा टनामागे ₹२,००० असा दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घ्यावा लागतो. वरील उदाहरणातील एक टन जादा मालाला ₹२२,००० पडतील. अपघातानंतर विमा कंपनीशी होणारा वाद वेगळाच.

हौद्यातील एक उपेक्षित सुधारणा

हौद्यात अंथरण्याची, काढून धुता येणारी जाड प्लास्टिकची ताडपत्री आणि कीटकनाशकांसाठी झाकणाची, कुलूपबंद पेटी या दोन वस्तू कोणत्याही गॅरेजच्या यादीत नसतात. ज्या हौद्यातून सकाळी भाजी जाते त्यातूनच परतताना कीटकनाशकांच्या बाटल्या, पेंड आणि कधी घरचा किराणा येतो. १९५८ मध्ये केरळात जहाजातून आलेल्या गव्हाच्या पिठात वाहतुकीदरम्यान पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले गेले आणि ते खाऊन शंभरहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेच्या चौकशीतूनच पुढे कीटकनाशक कायदा १९६८ झाला. अन्नपदार्थ किंवा पशुखाद्य यांच्याशी थेट संपर्क येईल अशा रीतीने कीटकनाशकांची वाहतूक करू नये, हा नियम तेव्हापासून आहे. लाकडी फळ्यांत एकदा मुरलेले द्रव धुऊन निघत नाही. पेटी आणि ताडपत्री मिळून होणारा खर्च एका टायरहून कमी आहे.

बदल पडताळून पाहण्याची पद्धत

औषधाची परिणामकारकता तपासताना फवारणी न केलेला वाफा तुलनेसाठी ठेवतात आणि पुनरावृत्ती घेतात. गाडीच्या बाबतीत एका वेळी एकच बदल करावा. बदलापूर्वी किमान तीन आणि बदलानंतर किमान तीन टाक्यांची नोंद घ्यावी : टाकी काठोकाठ, शक्यतो त्याच पंपावर भरून किलोमीटर व लिटर लिहावेत. मार्ग, चालक आणि भार शक्य तितके सारखे असावेत; वेग तर नक्कीच, कारण ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेल्यास हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि एखाद्या चांगल्या सुधारणेचा लाभ त्यातच बुडतो. त्याच वहीत आणखी दोन रकाने असावेत. एकात भरलेले क्रेट, दुसऱ्यात बाजारात नाकारलेले क्रेट. शेतकरी उत्पादक कंपनीकडे चार-पाच गाड्या असतील तर एका गाडीत बदल करून बाकीच्या हंगामभर आहेत तशाच ठेवाव्यात. तुलनेचा वाफा आपोआप तयार होतो.